कुंड्यातली झाडं तहानेनं कमी अन् खाऱ्या पाण्यानं जास्त मरतात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या बागेवर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहायला बसले. लेख चांगला होता, फोटो तर फारच सुंदर, पण त्यात असं लिहिलंय की टोमॅटो, मिरची, गुलाब सगळ्यांना दिवसाचं सहा ते आठ तास पूर्ण ऊन पाहिजे, रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी घालावं आणि महिन्यातून एकदा राख नाहीतर अंड्याची टरफलं मातीत मिसळावीत. हे पुण्याला चालत असेल, कोकणात तर नक्कीच चालेल, पण इथं लातूरला, परभणीला, बीडला एप्रिल महिन्यात गच्चीवर हे तिन्ही सल्ले कुणी पाळले तर मृग निघायच्या आत त्याच्या कुंड्या रिकाम्या होतील. माझ्या ओळखीच्या तीन-चार घरात दरवर्षी हेच होतंय. मग त्या बायका म्हणतात आपल्या हाताला गुण नाही, आणि बाग करायचं सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. हाताला गुण नसणं वगैरे काही नसतं हो, सल्ला दुसऱ्या गावचा असतो एवढंच.

मी लातूरला राहते, माहेर उदगीरकडचं, घरी शेती होती. लग्न होऊन आले तेव्हापासून गच्चीवर कुंड्या आहेत, आता लहानमोठ्या मिळून साठ-पासष्ट असतील, त्यात रंगाच्या बादल्या, दोन प्लॅस्टिकचे ड्रम अर्धे कापून केलेले चार, बाकी मातीच्या. इतकी वर्षं करून जे कळलं ते सांगते, तुम्हाला योग्य वाटलं तर छापा.

आमच्याकडं पाण्याची काय परिस्थिती असते ते सगळ्या महाराष्ट्रानं २०१६ ला बघितलंय. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून ५ लाख लिटर, नंतर पन्नास टाक्यांची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून गावात जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायचं म्हणजे पापच वाटायचं, घरातलं माणूस घागरीकडं बघून पाणी पीत होतं तिथं गुलाबाला कोण घालणार. मी चाळीसेक कुंड्या सोडून दिल्या, डोळ्यादेखत वाळल्या. फक्त तुळस, कढीपत्ता, मोगरा, एक लिंबू आणि कोरफड एवढं जिन्याखालच्या सावलीत एकाला एक चिकटवून ठेवलं, वरून सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) टाकली जाडसर, आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तेवढं त्यांना. दिवसाला सगळ्यांना मिळून तीन-चार तांबे. ती पाचही जगली. ह्याच कुंड्या आधीच्या वर्षी गच्चीवर उन्हात होत्या, बोअरचं पाणी रोज भरपूर मिळत होतं, तरी कढीपत्ता पिवळा पडून अर्धा वाळला होता! पाणी भरपूर होतं तेव्हा झाड आजारी आणि चार तांब्यावर आलं तेव्हा नवी पालवी, हे मला काही केल्या समजेना.

माझे मामा शेतकरी, बागायत करायचे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुझ्या झाडाला पाणी नको असं नाही, तुझं बोअरचं पाणी नको. ते पाणी नुसतं जड नाही, खारं हाय. शेतात आमचं रान कसं खारावतं तसं तुझी कुंडी खारावली." आणि त्यांनी कुंडीच्या बाहेरच्या अंगाला नख लावून पांढरी पापडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. चाखून बघ म्हणाले. खारट-तुरट होती. ती पापडी मी इतकी वर्षं बुरशी समजत होते आणि घासून काढत होते.

संपादक साहेब, माझ्या सगळ्या पत्रातली ही एकच गोष्ट छापली तरी चालेल. पाणी उडून जातं, त्यातले क्षार उडत नाहीत, ते मातीतच राहतात. जमिनीवर निदान पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात, कुंडीत जायला जागाच नाही. आणि आमचे बोअर आता किती खोल गेलेत ते सगळ्यांना माहितीये, जितकं खोल तितकं बहुतेक वेळा पाणी जास्त क्षाराचं. म्हणून रोज एक-एक तांब्या घालणं हे सगळ्यात वाईट, कारण तेवढं पाणी वरच्या चार बोटांतच राहतं, दुपारपर्यंत उडून जातं आणि मीठ मागं ठेवून जातं. त्यापेक्षा आड दिवसांनी घाला, पण असं घाला की खालच्या भोकातून थोडं पाणी बाहेर आलं पाहिजे, त्या पाण्याबरोबर क्षार बाहेर जातात. ते बाहेर आलेलं पाणी परत त्याच कुंडीत ओतू नका, बरेचजण पाणी वाया नको म्हणून बशीतलं परत ओततात आणि काढलेलं मीठ परत घालतात. मातीवर पांढरा थर दिसला तर वरची इंचभर माती खरवडून टाकून द्या आणि तिथं शेणखत नाहीतर गांडूळ खत भरा.

आता घरातलं कुठलं पाणी घालायचं आणि कुठलं नाही, ह्याच्यात लोकांची फार फसगत होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडं घरोघरी कूलर. रात्री बंद केला की सकाळी खालच्या टाकीत उरलेलं पाणी बायका झाडांना घालतात, मीही घालायचे, पाणी थंडगार असतं म्हणून झाडाला बरं वाटत असेल असं वाटायचं. माझं दहा वर्षांचं लिंबाचं झाड, ज्यानं २०१६ काढलं होतं, ते ह्या कूलरच्या पाण्यानं गेलं. पानांच्या कडा आधी भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, मग पानं गळाली, मी अजून पाणी वाढवलं, आणि महिनाभरात फांद्या वाळल्या. नंतर पुतण्यानं क्षार मोजायचं ते पेनासारखं टीडीएस मीटर आणलं, दोन-तीनशे रुपयांत येतं, त्यानं घरातलं सगळं पाणी मोजलं. बोअरचं अकराशेच्या वर दाखवलं, कूलरच्या टाकीतलं आठ दिवसांचं अडीच हजाराच्या पुढं! आणि एसीच्या पाइपातून टपकतं ते तीस. मग डोक्यात प्रकाश पडला. कूलर दिवसभर पाणी उडवत राहतो, आपण वरून रोज नवीन बोअरचं पाणी भरत राहतो, म्हणजे बासुंदीसारखं ते आटत जातं, दुधातलं पाणी जातं आणि घट्ट तेवढं राहतं. ते घट्ट मी माझ्या लिंबाला पाजत होते. त्या झाडाचं आजही मनाला लागतं.

तेव्हा कूलरचं पाणी झाडाला अजिबात नको, त्यानं अंगण धुवा, संडास-बाथरूमला वापरा. आरओ फिल्टरच्या बारक्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं त्याचंही तसंच, पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या नळीच्या पाण्यात असतात, त्यानं भांडी विसळा, फरशी पुसा, कुंडीत नको. उलट एसीचं पाणी सोनं आहे, ते हवेतलं पाणी असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. ज्यांच्या घरी नाही त्यांनी शेजारच्या दुकानदाराला, बँकेला विचारा, त्यांचं पाणी रस्त्यावर टपकत असतं, खाली कॅन ठेवू द्या म्हणा, कुणी नाही म्हणत नाही. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी चांगलं. भाजी मीठ घालून उकडली असेल तर ते पाणी नको. साबणाचं धुण्याचं पाणी कुंडीत नको, अंगणात जमिनीवर मोठा शेवगा नाहीतर केळ असेल तर आंघोळीचं पाणी तिकडं वळवलं तर चालतं, आमच्याकडं चाललंय.

आणि सगळ्यात चांगलं पाणी वरून फुकट येतं ते आपण पन्हाळीतून गटारात सोडतो. हजार स्क्वेअर फुटांच्या स्लॅबवर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९०० लिटर पाणी होतं, म्हणजे दोनशे लिटरचे साडेचार ड्रम. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी धूळ-घाण घेऊन येतं ते जाऊ द्या, मग पाइपाखाली ड्रम लावा, तोंडाला सुती कापड घट्ट बांधून वर झाकण, डास व्हायला नकोत, डेंग्यूचं भ्या असतं. हे ड्रम मी दिवाळीपर्यंत कुणाला हात लावू देत नाही, ते फक्त रोपं करायला, फवारायला आणि नाजूक झाडांना. दुसरं म्हणजे पावसाळ्यात कुंड्या छपराखाली ठेवू नका, उघड्यावर काढा, खालची भोकं मोकळी आहेत का बघा आणि दोन-चार चांगले पाऊस आरपार जाऊ द्या. वर्षभराचं मीठ धुऊन निघतं. २०१६ लाच शेवटी शेवटी एवढा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं, आणि त्या पावसात बाहेर काढलेल्या माझ्या जुन्या कुंड्यांत, ज्या मी मेल्या म्हणून सोडल्या होत्या, त्यातल्या दोन जास्वंदी बुडापासून फुटल्या.

आता उन्हाचं. लोकांना वाटतं ऊन पानांना लागतं म्हणून झाड वाळतं. पानाला लागतंच, पण खरा मार मुळांना बसतो. जमिनीत मुळं खोल गारव्यात असतात, कुंडीत ती कडेला चिकटलेली असतात, आणि कुंडी काळ्या प्लॅस्टिकची, ठेवलीये तापलेल्या स्लॅबवर, पश्चिमेचं ऊन डायरेक्ट तिच्या पोटावर. मे महिन्यात दुपारी चारला अशा कुंडीला हात लावून बघा, लावून ठेवता येणार नाही. आत मुळं शिजतात. म्हणून मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या कुंड्या हलवते, भिंतीच्या पूर्वेच्या अंगाला, म्हणजे सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर भिंतीची सावली. स्लॅबवर नाही, विटांवर. एकाला एक चिकटवून, मोठ्या कडेला आणि नाजूक मधे. कडेच्या कुंड्यांना बारदान्याची पोती गुंडाळते सुतळीनं, संध्याकाळी पोत्यावर पाण्याचा हबका मारला की रात्रभर गार राहतं (त्याला कूलरचं पाणी चालतं, फक्त मातीत जाऊ देऊ नका). ज्या कुंड्या हलवता येत नाहीत, ड्रम वगैरे, त्यांना बाहेरून चुना मारते, पांढऱ्या रंगावर ऊन कमी तापतं. चुना बाहेरूनच बरं का, आत मातीत सांडायचा नाही, त्याचं पुढं सांगते.

शेडनेट पन्नास टक्क्याचं पुरतं, पंच्याहत्तरचं घेऊ नका, झाडं लांबुळकी होतात आणि फुलत नाहीत. ते झाडांच्या डोक्यावर टेकवू नका, सात-आठ फुटांवर ताणून बांधा, खालून वारं खेळलं पाहिजे. पैसे नसतील तर जुनं सुती लुगडं बांधा, एक उन्हाळा आरामात निघतो, माझी सासू तेच करायची, मिरचीच्या वाफ्यावर लुगडं, चार कोपऱ्यांना चार तुराट्या. नायलॉनची साडी मात्र नको, तिच्याखाली वाफ कोंडते.

पाणी सकाळी उजाडताना घाला किंवा दिवस मावळल्यावर. गच्चीवरच्या पाइपात उभं राहिलेलं पाणी उन्हानं चहासारखं तापलेलं असतं, नळ सोडला की तेच आधी बाहेर येतं, ते बादलीत काढून ठेवा आणि मग झाडाला धरा. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची सगळी झेंडूची रोपं एका दुपारी अशी गेली.

मातीवर आच्छादन नसेल तर वरचं सगळं वाया. सोयाबीनची गुळी, उसाचं पाचट बारीक करून, वाळलेला कडुलिंबाचा पाला, जे फुकट मिळेल ते दोन-तीन इंच पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं सोडा. वाळवी लागत असेल तर मूठभर निंबोळी पेंड. मी बोट घालून बघते, आच्छादन असलेल्या कुंडीत तिसऱ्या दिवशीही ओल लागते आणि उघड्या कुंडीत दुसऱ्या दिवशी माती कुंडीची कड सोडते. माती कडेपासून सुटली की वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं झाड प्यालं, पण आत गोळा कोरडाच. असं झालं तर काडीनं माती उकरून फट बुजवा आणि थोडं थोडं करत तीनदा पाणी घाला.

आता राख आणि टरफलांचं, ज्यासाठी मी लेख वाचून अस्वस्थ झाले. आपली काळी माती मुळातच चुनखडीची आहे. पटत नसेल तर नदीकाठच्या नाहीतर शेतातल्या मातीतला तो पांढरा बारीक खडा घ्या, त्यावर लिंबू पिळा, फसफस होते. माझ्या नातवाला हे करून दाखवलं तर त्यानं घरातली सगळी लिंबं संपवली. म्हणजे आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे, त्यात बोअरचं पाणी रोज अजून घालतंय, वर आपण अंड्याची टरफलं आणि चुलीची राख घालायची? कोकणातल्या लाल मातीला, जिथं पाऊस सगळं धुऊन नेतो आणि माती आंबट होते, तिथं ते औषध आहे. आपल्याकडं तेच दुखणं वाढवतं. चुना जास्त झाला की मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी रांगोळीच्या रेघांसारख्या. कढीपत्ता, जास्वंद, लिंबू, मोगरा, सगळ्यांवर दिसतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "खत तर घालूलाले की गं, तरी पिवळंच पडूलालंय." खताचा प्रश्नच नव्हता तो. अक्कांना मी हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणायला सांगितलं, कृषी केंद्रात मिळतं, स्वस्त असतं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, त्यात अर्धं लिंबू पिळायचं, साठवलेलं पावसाचं किंवा एसीचं पाणी असेल तर उत्तम, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारायचं. दहा-बारा दिवसांनी परत एकदा. ताजं करून लगेच वापरायचं, ठेवलं की लालसर होतं आणि उपयोग जातो. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत, अक्कांच्या ओट्यावर अजून आहेत. पण कढीपत्ता तिसऱ्या आठवड्यात हिरवागार झाला, त्या आता गल्लीत सगळ्यांना हिराकस सांगत फिरतात.

माती भरताना नुसती काळी माती भरू नका, ती कुंडीत वाळली की विटेसारखी होते आणि भिजली की चिखल, मुळांना श्वास नाही. एक घमेलं काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाड वाळू नाहीतर चाळलेला बारीक मुरूम, एवढं मिश्रण मला आजपर्यंत पुरलंय. शेणखत कुजलेलं पाहिजे, हातात घेतलं की गरम लागायला नको आणि वासही शेणाचा नाही मातीचा यायला पाहिजे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) महाग पडतं, आणि त्याच्या विटा आणल्या तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, काही काही ब्रँडमध्ये मीठ असतं. नर्सरीतून आणलेल्या रोपांचंही सांगायचं राहिलं, आमच्याकडं बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात, मुळाशी लाल चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन्ही माती एकमेकीत मिसळत नाहीत, गोळा कोरडा राहतो आणि झाड महिनाभरात जातं. पाण्यात बुडवून कडेची माती हलक्या हातानं मोकळी करून मग लावा. आणि झाड मार्चमध्ये विकत घेऊ नका, कितीही फुललेलं दिसलं तरी! मागच्या मार्चमध्ये मला एका नर्सरीवाल्यानं अनंत गळ्यात मारला, उन्हात चालतो म्हणाला, आपल्या मातीत मानवतो म्हणाला. दोन्ही खोटं. अनंताला आंबट माती लागते. झाडं घ्यायची ती जुलैत, पाऊस पडून हवा गार झाल्यावर.

कमी पाण्यात भागावं म्हणून आमच्या घरातला एक साधा उपाय सांगते. संक्रांतीला वाण लुटून झाल्यावर सुगडी उरतात, लोक ती कुठं कुठं कोपऱ्यात टाकतात. मी शेजारपाजारच्या सगळ्यांकडून गोळा करते. मोठ्या कुंडीत एक, ड्रमात तीन, गळ्यापर्यंत पुरायची, तोंडावर फरशीचा तुकडा झाकण म्हणून, आणि त्यात पाणी भरायचं. मातीच्या अंगातून पाणी पाझरत राहतं, मुळं बरोबर तिथं येऊन गुंडाळतात, गेल्या वर्षी एक सुगडं काढलं तर बाहेरून पांढऱ्या मुळांची जाळी विणल्यासारखी होती. वरून पाणी उडत नाही, तण उगवत नाही. रंग दिलेली, चमकी लावलेली सुगडी चालणार नाहीत, छिद्रं बुजतात. घरातला जुना माठ जो पाणी थंड करत नाही तोही पुरू नका, तो थंड करत नाही म्हणजेच क्षारानं त्याची छिद्रं बुजलीत, तो पाझरणारही नाही. सुगडीही बोअरचं पाणी भरलं तर एक-दोन वर्षांत बुजतात, पण तोवर पुढची संक्रांत आलेली असते. सलाईनची बाटली उलटी टांगतात काहीजण, ते ठीक आहे, पण दवाखान्यातली वापरलेली आणू नका कृपा करून, मेडिकलमधून नवी नळी घ्या.

काय लावायचं ह्यावर थोडं. आपला बागेचा खरा सीझन दसऱ्यापासून होळीपर्यंत. टोमॅटो, मेथी, पालक, कोथिंबीर, फ्लॉवर, झेंडू, शेवंती सगळं तेव्हा करून घ्या. येळवसला (वेळ अमावास्येला) भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत घालायला आमच्या गच्चीवरची मेथी, चाकवत, कांद्याची पात असते, हरभरा आणि तूर तेवढी शेतातून येते. ३५ अंशांच्या वर तापमान गेलं की टोमॅटोचं फूल गळतं, फळ धरत नाही, मग त्याला मे महिन्यात कितीही जीव लावला तरी पाणीच वाया. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी, तांदुळजा, घोळ, अंबाडी ही आपली माणसं आहेत, ही उन्हाला भीत नाहीत. भेंडी परभणी क्रांती लावा, आपल्याच कृषी विद्यापीठाची जात आहे, पानं पिवळी जाळीदार होतात तो रोग तिच्यावर कमी येतो असा तिचा नावलौकिक आहे, फक्त बी खात्रीच्या ठिकाणचं घ्या. पुदिना आणि कोथिंबीर पूर्ण सावलीत. फुलात मोगरा, सदाफुली, बोगनवेल, कण्हेर (कण्हेर विषारी आहे, घरात लहान लेकरं नाहीतर गुरं असतील तर नको). जमीन असेल तर सीताफळ, बालाघाटच्या माळावर जिथं कुणी तांब्याभर पाणी घालत नाही तिथं ते पिकतं, तुमच्या अंगणात का नाही पिकणार. आणि शेवगा, पण तो छाटत राहा, नाहीतर शेंगा शेजाऱ्याच्या गच्चीवर लागतात.

किडीत उन्हाळ्यात लाल कोळी जास्त, पानं धुळकट फिकी दिसतात आणि खाली बारीक जाळी असते. त्याला कोरडी गरम हवा आवडते म्हणून पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहा, निंबोळी तेल मारायचं तर दिवस मावळल्यावरच, उन्हात मारलं तर पानं भाजतात.

साहेब, परभणीला आपलं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वसंतराव नाईकांच्या नावाचं, तिथली माणसं ह्याच मातीवर आणि ह्याच पाण्यावर काम करतात. गावोगावी माझ्यापेक्षा जास्त कळणाऱ्या बायका आहेत, नांदेडला, हिंगोलीला, जालन्याला, धाराशिवला, त्यांच्या गच्च्या बघा. माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या मराठवाडा आवृत्तीत तरी बागेचं सदर इथल्या माणसाकडून लिहून घ्या, महिन्यांच्या ऐवजी नक्षत्रांप्रमाणं लिहिलं तर आमच्या सासवांनाही कळेल, रोहिणीत काय, मृगात काय, हस्तात काय. फोटो पुण्याच्या बंगल्यातल्या हिरवळीचे नकोत, आमच्या पत्र्याच्या डब्यातल्या तुळशीचे चालतील.

पत्र लांबलं, पण कापायचं झालं तर खाऱ्या पाण्याचं आणि कूलरचं तेवढं कापू नका. आणि जमलं तर ह्याच रविवारी छापा. मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे, गल्लीत कूलर कालपासून खाली उतरायला लागलेत.

आपली,
एक जुनी वाचक, लातूर